पाणी पाजलं की मुका घेतला?

ठाण्याच्या आमच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंच्या, सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) शनिवारी सेफर (तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी) वाचणारे गृहस्थ मुलाकडे इस्रायलमध्ये अश्दोदला कायमचे राहायला गेले आणि जाता जाता माझं नाव सुचवून गेले. कारण काय, तर माझा गळा बरा आहे. मलिद्याला (नवसाच्या, आभाराच्या विधीला) मी ‘एलियाहू हन्नाबी’ हे गीत सुरात म्हणतो, एवढंच माझं भांडवल. मुकादम (सिनेगॉगचे प्रमुख) म्हणाले, “‘वायेत्से’चा पराशा यायला अजून अवकाश आहे. पहिले दोन भाग तू तयार कर, पुढचे वाचायला मुंबईहून कोणीतरी येईल.” पराशा म्हणजे त्या आठवड्याला वाचायचा तोऱ्याचा भाग. मला वाटलं, चाल पाठ करायची आणि मोकळं व्हायचं. हिब्रू अक्षरं लहानपणापासून ओळखीची, सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) घडाघडा वाचता येतो, मग अडचण कसली?

अडचण सेफर तोऱ्यातच असते. चामड्यावर हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत फक्त व्यंजनं असतात. स्वरांची चिन्हं नाहीत, चालीच्या खुणा नाहीत, वाक्य कुठे संपलं ते सांगणारं साधं टिंबही नाही. मराठीत नुसतं ‘मर’ लिहून ठेवावं आणि ते मार, मोर, मारू की मेरू हे वाचणाऱ्याने ठरवावं, तसा प्रकार. त्यात वायेत्सेची तऱ्हा आणखी वेगळी. एरवी सेफरमध्ये परिच्छेद संपला की मोकळी जागा सोडलेली असते, तिथे डोळा टेकतो. वायेत्सेच्या १४८ पासुकांमध्ये (श्लोकांमध्ये) तशी एकही जागा नाही. इस्रायलांचा पूर्वज याकोब बेएर शेवाहून निघतो तिथपासून आपला मामा लाबान याचा निरोप घेऊन परत फिरतो तिथपर्यंत सगळा मजकूर एकसंध.

म्हणून तयारी होते ती तिक्कूनवर. या पुस्तकात एका बाजूला सगळी चिन्हं घातलेला मजकूर असतो आणि शेजारी तोच मजकूर सेफरमध्ये दिसतो तसा, बोडका. भरलेल्या बाजूला पाहून शिकायचं, बोडक्या बाजूला पाहून म्हणायचं. ही चिन्हं गालील सरोवराकाठच्या तिबेरियस गावातल्या पंडितांनी पक्की केली. त्यांच्या पद्धतीने लिहिलेलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं संपूर्ण हस्तलिखित १००८ सालच्या सुमाराचं आहे. म्हणजे मजकूर त्याहून कितीतरी जुना, आणि तो कसा म्हणायचा याची लेखी सोय बरीच नंतरची. मधल्या काळात हे सारं कानावर आणि जिभेवरच टिकलं.

शिकवायला मिळाला इस्रायलमधल्या डिमोनातला मामा. आईचा चुलतभाऊ. लहानपणी आईवडिलांबरोबर तिकडे गेला, पण मराठी अजून खणखणीत आणि तिथल्या आमच्या लोकांच्या सिनेगॉगमध्ये वाचायला तोच उभा राहतो. हिवाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे माझी जेवणं उरकली की त्याची संध्याकाळ सुरू. फोनच्या पडद्यावर मामा, मांडीवर तिक्कून, हातात शिसपेन्सिल.

पहिल्या दिवशी त्याने गाऊच दिलं नाही. “शेमा म्हण,” म्हणाला. शेमा म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी आमची रोजची प्रार्थना. मी म्हटला. शेमा येत नाही असा बेने इस्रायल सापडायचा नाही. पूर्वजांचं बाकी सगळं विसरलं तरी शेमा राहिला, असं आम्ही परंपरेने सांगत आलो आहोत. मामाने दोनच ठिकाणी बोट ठेवलं. ‘बेखोल लेवावेखा’ म्हणताना पहिला शब्द ल वर संपतो आणि दुसरा ल नेच सुरू होतो. मराठी जीभ तिथे दोन्ही एकत्र करून टाकते. गेमाऱ्यात (तालमूद या जुन्या धर्मग्रंथात) याच जागेचा नाव घेऊन उल्लेख आहे: दोन ल मध्ये फट ठेवा. दुसरी जागा ‘तिज्केरू’. यातला ज नीट घासून म्हटला नाही तर ‘तिस्केरू’ होतं. ‘आठवण ठेवा’च्या जागी ‘मजुरी मिळवा’ असा अर्थ. देवाची आज्ञा आठवायची की रोजंदारी मागायची, एवढा फरक एका अक्षराच्या घर्षणात.

“आता कळलं गायला का नाही सांगितलं?” मामा म्हणाला. “सूर लावलास की लोकांना तुझा गळा ऐकू येतो. मला शब्द ऐकायचे आहेत.”

मग शवा सुरू झाला, आणि तो बरेच दिवस पुरला. अक्षराखाली उभी दोन टिंबं दिसली की तो शवा. पण टिंबं तीच, उच्चार दोन. एक ‘शवा ना’, म्हणजे हलता. तिथे पुसटसा ए ऐकू यायला हवा. दुसरा ‘शवा नाह’, म्हणजे थांबलेला. तिथे व्यंजनाचा पाय मोडायचा. कुठला कुठे, हे चिन्ह सांगत नाही, नियम सांगतात. शब्दाच्या सुरुवातीला हलता. शब्दाच्या मध्ये लागोपाठ दोन आले तर दुसरा हलता. दीर्घ स्वरानंतर हलता. दागेश (उच्चार दुप्पट किंवा कडक करणारं, अक्षराच्या पोटातलं टिंब) असलेल्या अक्षराखाली हलता. एकच अक्षर दोनदा आलं तर पहिल्याखालचा हलता. हे वाचून डोकं गरगरलं तर थोडं थांबा, कारण मराठी माणूस हेच काम दिवसभर करत असतो. ‘बोलतो’ लिहिताना ल पूर्ण, म्हणताना अर्धा. ‘घसरला’ शब्दात स चा अ राहतो आणि र चा गळतो. शाळेत कुणी नियम शिकवलेला नसतो आणि तरी कोणी ‘घस्‌रला’ म्हणत नाही. मामाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “म्हणजे तुला नियम नको आहेत, तुला कान हवा आहे. तो मात्र परका आहे, म्हणून नियम.”

आणि ते नियम माझ्या दोन भागांत जागोजागी लागत होते. स्वप्नातल्या शिडीवरून देवदूत चढतात आणि उतरतात, तिथे ‘ओलीम वेयोरेदीम’. ओ दीर्घ, पुढचा शवा हलता, म्हणून यो-रे-दीम. विहिरीपाशी मेंढरं बसली आहेत, ती ‘रोवेत्सीम’. दगड लोटतात तो ‘वेगालेलू’, तिथे दोन ल शेजारी असल्याने पहिल्याला ए द्यावाच लागतो, नाहीतर दोन्ही चिकटून एकच उरतो. याकोब झोपेतून उठतो, ‘मिश्शेनातो’, तिथे शीनमध्ये (श मध्ये) दागेश आहे, म्हणून आधी शीन दुप्पट आणि मग त्याच्या शव्याला ए. मी प्रत्येक हलत्या शव्यावर पेन्सिलीने छोटी रेघ मारत गेलो. पान काळं झालं.

दागेशचं दुपटीकरण मात्र मला फुकटात मिळालं. हल्ली इस्रायलमध्ये रोजच्या बोलण्यात ते कोणी करत नाही. ते ‘हनवी’ म्हणतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘हन्नाबी’ म्हणतो. व्याकरण पाहिलं तर त्या न मध्ये दागेश आहेच. मराठीत खडा आणि खड्डा यांत गल्लत करून चालत नाही, त्यामुळे आमच्या आजी-आजोबांच्या तोंडात ही दुप्पट आपोआप टिकली असावी, असा माझा आपला तर्क. त्सादे या अक्षराचंही तसंच. ‘त्स’ असं लिहावं लागतं म्हणून ते अवघड दिसतं, पण ‘चाळ’ म्हणताना जो च निघतो तो जवळजवळ तोच आहे, ‘चार’मधला नव्हे. झायिन या अक्षराला ‘जोर’मधला ज बराच जवळ जातो, ‘जीवन’मधला चालत नाही. देवनागरी हा फरक दाखवत नाही आणि आपण कधी चुकत नाही, याकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला मराठी तोंड घात करतं तेही सांगतो. हेत आणि हे ही दोन वेगळी अक्षरं माझ्या तोंडी एकच ह होत होती. आम्ही ‘राहेल’ लिहितो आणि तसंच म्हणतो. खरं तर तिथला हेत घशाच्या खालून घासत यायला हवा. मिद्राशमध्ये (धर्मग्रंथावरच्या जुन्या टीकाग्रंथांत) इशारा आहे की स्तुती करण्याच्या शब्दातला हे जर हेत केलात तर त्याचा अर्थ विटाळणे होतो आणि जगाचा नाश ओढवतो. आयिन (घशातलं आणखी एक अक्षर) तर माझ्याकडे नव्हताच. मामाने त्यावर फार ताणलं नाही. “तुझ्या आजोबांना जेवढं येत होतं तेवढं तरी कर,” म्हणाला. ब आणि व बद्दलही तो मोकळा होता. जुनी मंडळी दागेश नसलेल्या बेथ या अक्षरालाही ब म्हणतात, अलिबागच्या सिनेगॉगचं नावच ‘मागेन अबोथ’. इस्रायलहून आलेली मुलं व म्हणतात. “ब धर नाहीतर व धर. एका ओळीत ब आणि खालच्या ओळीत व, हे मात्र नको.” मी व धरला. त्यामुळे आणखी एक काम वाढलं: आधीचा शब्द स्वरावर संपून पुढच्याला जोडलेला असेल तर बेथ मऊ होतो. ‘की वा हश्शेमेश’, सूर्य मावळला होता. ‘आर्त्सा वेने केदेम’, पूर्वेकडच्या लोकांच्या देशात. मध्ये तोडणारी खूण असती तर तोच बेथ पुन्हा कडक.

मामाच्या शेजारच्या गावाची एक गंमत. बेएर शेवा, जिथे आपली कितीतरी मराठी घरं आहेत. पराशाच्या पहिल्याच पासुकात ते नाव येतं आणि तिथे ते ‘बेएर शावा’ वाचायचं. पासुकाच्या मध्यावर मोठा विराम आहे आणि विरामाच्या जागी शब्दातला स्वर लांबतो. “इथल्या बसच्या पाटीवर शेवा, सेफरपुढे उभा राहिलास की शावा,” इति मामा.

आता दुसरा भाग. बेरेशीथ (उत्पत्ती) या तोऱ्याच्या पहिल्या पुस्तकाचा २९ वा अध्याय, पासुक १ ते १७. मला विचाराल तर तोरा वाचणाऱ्याला पारखायचं असेल तर हे १७ पासुक पुरेत.

याकोब विहिरीपाशी पोचतो. मेंढपाळांना लाबानाची खुशाली विचारतो. ते म्हणतात, ठीक आहे, आणि ती बघ त्याची मुलगी राहेल, मेंढरं घेऊन येते आहे. तीन पासुकांनंतर: तो बोलतोच आहे तेवढ्यात राहेल मेंढरं घेऊन आली. ‘येते आहे’ आणि ‘आली’ या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, बेथ-अलेफ-हे, ‘बाआ’. स्वरचिन्हंसुद्धा दोन्हीकडे तीच. फरक फक्त आघाताचा. सहाव्या पासुकात जोर शेवटी, बा-आऽ, म्हणजे येते आहे. नवव्यात जोर आधी, बाऽ-आ, म्हणजे आली. चालीची खूण ज्या अक्षरापाशी असते तिथे आघात; पहिल्या ठिकाणी ती अलेफपाशी आहे, दुसऱ्या ठिकाणी बेथपाशी. ११ व्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले भाष्यकार राशी (नावावरून कुणी पत्रिका काढू नये) यांनी नेमकी हीच जागा धरून लिहून ठेवलं आहे की एक चालू क्रिया, दुसरी झालेली.

मराठीत आघात इकडचा तिकडे गेला तरी सहसा अर्थ जागचा हलत नाही, त्यामुळे हे माझ्या कानाला ऐकूच येत नव्हतं. मामा म्हणायचा, “आता कुठली?” मी अंदाज करायचो. शेवटी त्याने मला टेबलावर बोटं आपटायला लावली. जोराचं अक्षर आलं की थाप. शेजारच्या खोलीतून बायको ओरडली, “तबला शिकताय की तोरा?” पण थापेनेच काम झालं. एकदा हाताला कळलं की कानालाही कळायला लागलं. मग शेमातलं ‘वेआहाव्ता’ही नव्याने ऐकू आलं: जोर शेवटी म्हणून ‘प्रीती कर’ अशी आज्ञा, तोच जोर आधी पडला तर ‘आणि तू प्रीती केलीस’, झालं गेलं.

नवव्या पासुकाचा शेवट त्याहून नाजूक. ‘की रोआ ही’, कारण ती मेंढपाळ होती. सेफरमध्ये दिसतं काय? रेश-आयिन-हे, आणि मग हे-वाव-अलेफ. पहिला शब्द कोणी ‘राआ’ वाचला तर अर्थ होतो ‘कारण ती वाईट होती’. बिचारी राहेल, स्टेजवर येते न येते तोच बदनाम! दुसरा शब्द तर डोळ्यांना सरळसरळ ‘हू’ दिसतो, म्हणजे ‘तो’. तोऱ्यात ‘ती’साठी बहुतेक ठिकाणी असंच लिहिलं आहे आणि वाचायचं मात्र ‘ही’. लिहिलेलं तसंच ठेवायचं, वाचलेलंही तसंच ठेवायचं, दोन्हींत तडजोड नाही.

आणि मग दहावा-अकरावा पासुक. याकोब पुढे होतो, विहिरीवरचा दगड एकटा लोटतो आणि लाबानाच्या मेंढरांना पाणी पाजतो. मग राहेलचा मुका घेतो आणि मोठ्याने रडतो. पाणी पाजलं: वाव-योद-शीन-कोफ. मुका घेतला: वाव-योद-शीन-कोफ. अक्षर न्‌ अक्षर तेच, मध्ये फक्त पाच शब्द. पहिल्याला ‘वय्यश्क’, दुसऱ्याला ‘वय्यिश्शाक’. उलटसुलट झालं तर याकोब मेंढरांचे मुके घेत सुटतो आणि राहेलला बादलीतून पाणी पाजतो. असं झालं तर शब्द पुन्हा वाचावाच लागतो, कारण अर्थ बदलला. शव्यात थोडं इकडेतिकडे झालं आणि अर्थ तसाच राहिला तर बहुतेक ठिकाणी नुसत्या भुवया उंचावतात.

‘वय्यश्क’मध्ये आमच्या जिभेची खास परीक्षा. शब्दाच्या शेवटी दोन शवा, दोन्ही थांबलेले, आणि शेवटी कोफ (क) कापून टाकायचा. मराठीत जोडाक्षरावर संपणाऱ्या शब्दाला आपण नकळत अ लावतो: ‘मार्ग’, ‘मित्र’, ‘शुल्क’ म्हणून पाहा. तसा अ इथे लागला की मामा पडद्यावर हात वर करायचा. ‘वय्यश्क्‌’. पुन्हा. ‘वय्यश्क्‌’. ट्रेनमध्ये, जिन्यात, आंघोळ करताना मी हा एकच शब्द म्हणत असे. मुलुंडला चढलेल्या एका बाईंनी मला शिंक आली आहे असं समजून रुमाल पुढे केला.

या सगळ्याला मराठीत समजावणं नवीन नाही, हे मला मध्येच कळलं. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन यांनी १८३२ सालीच बेने इस्रायलांसाठी हिब्रू व्याकरण मराठीत छापलं होतं. हेतू मिशनऱ्याचा होता, पण आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली, कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी वाचन शिकवलं. मामा आणि मी फोनवर जे करत होतो ते त्याच वाटेवरचं. शवाला ‘पाय मोडणे’ आणि दागेशला ‘खड्डा’ म्हणून शिकवणारा शिक्षक मला दुसरीकडे मिळाला नसता.

चाल शेवटी आली आणि आश्चर्य म्हणजे पटकन आली. विराम कुठे, जोड कुठे, जोर कुठे हे बसलं की सूर त्यावर आपोआप चढतो, कारण खुणांचं अर्धं काम विरामचिन्हांचंच आहे. चाल आधी पाठ करून शब्द त्यात कोंबणारे मी आता ऐकतो तेव्हा ओळखू येतात: ते सुरासाठी आघात सरकवतात. लोक त्यांचंच कौतुक जास्त करतात, तो भाग वेगळा.

शब्बाथला (शनिवारी) तेब्यावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) माझ्या एका बाजूला पुस्तक धरून तपासणारे उभे, दुसऱ्या बाजूला ज्यांना भागासाठी बोलावलं ते. चामड्याला हात लावायचा नाही, चांदीच्या काडीने ओळ दाखवत जायचं. पहिला भाग सरळ गेला. दुसऱ्यात विहिरीपाशी आल्यावर ते चार अक्षरांचे दोन शब्द समोर दिसले. एक ओळीच्या टोकाला, दुसरा खालच्या ओळीत. काडी तिथे क्षणभर मुद्दामच रेंगाळवली. तपासणाऱ्यांनी मान हलवली आणि मी पुढे ‘वीफात मारए’पर्यंत जाऊन थांबलो.

नंतर किद्दुशला (प्रार्थनेनंतरच्या पेयावरच्या आशीर्वादाला) काळ्या मनुकांचं सरबत हातात घेऊन समाजातले एक वयस्क काका आले. शाबासकी दिली आणि लगेच विचारलं, “ते योरेदीम कुठून आणलंस रे? आम्ही जन्मभर योर्दीम ऐकत आलो. तुझे आजोबाही योर्दीमच म्हणायचे.”

मी दीर्घ स्वराचा नियम सांगितला. काकांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “नियम बरोबर असेल. पण मग इथे इतकी वर्षं वाचणारे सगळे काय अडाणी होते?” यावर माझ्याकडे व्याकरणातलं उत्तर नव्हतं. रात्री मामाला फोन लावला. तो म्हणाला, “अर्थ बदलत नाही, कोणी परत वाचायला लावणार नाही. पण सरावाला मी योरेदीमच ऐकणार.” मी अजूनही योरेदीमच वाचतो. काका माझ्या मागच्याच बाकावर बसतात आणि त्या जागी आले की पुरेशा मोठ्या आवाजात योर्दीम म्हणतात.